सोळा तास फिरणारा पंखा: प्रकल्प नोंदी

३ मार्च २०२४, रविवार

रत्नागिरीजवळच्या आमच्या कौलारू घरात सहा पंखे आहेत. फेब्रुवारी सरत आला की दमट उकाडा सुरू होतो आणि तेव्हापासून फिरायला लागलेले पंखे दिवाळी उलटेपर्यंत थांबत नाहीत. पावसाळ्यातही सुटका नसते, कारण हवा गार झाली तरी अंगावरचा घाम वाळत नाही.

दिवे आम्ही केव्हाच बदलले. केंद्राची एलईडी योजना जानेवारी २०१५ची. त्यानंतर दोन-तीन वर्षांत घरातले साठ वॅटचे पिवळे बल्ब गेले आणि नऊ वॅटचे पांढरे आले. पंख्यांकडे मात्र कुणी मान वर करून पाहिलं नाही. माजघरातला पंखा तर मी लग्न होऊन या घरात आले त्याआधीपासून फिरतोय.

या सुट्टीत ठरवलं की कमी वीज खाणारे पंखे लावायचे आणि त्या कामाच्या नोंदी नीट ठेवायच्या. कुठला पंखा बदलायचा, कुठला तसाच ठेवायचा, आणि नवीन घ्यायचा तर त्यात काय बघायचं, एवढ्याच प्रश्नांची उत्तरं हवी आहेत. आज फक्त तास लिहून काढले. माजघरात सासूबाई दुपारी आडव्या होतात आणि रात्री तिथेच झोपतात, त्यामुळे तिथला पंखा दिवसाचे सोळा तास चालतो. लेकीच्या खोलीतला दहा तास, आमच्या खोलीतला आठ, ओटीवरचा पाच, स्वयंपाकघरातला छोटा अडीच. पडवीतला कुणी आलं-गेलं तरच लागतो.

यादी समोर ठेवल्यावर एक गोष्ट लगेच दिसली. सगळ्यात जास्त तास फिरणारा पंखाच घरातला सगळ्यात जुना आहे.

९ मार्च, शनिवार

आज मोजमाप. त्यासाठी वेगळं उपकरण विकत घ्यावं लागत नाही, दारातला विजेचा मीटर पुरतो. त्याच्या पाटीवर ३२०० हा आकडा छापलेला आहे. एक युनिट वीज वापरली गेली की मीटरवरचा लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकतो, असा त्याचा अर्थ. म्हणजे घरात एकच पंखा चालू ठेवायचा आणि दिवा किती सेकंदांनी लुकलुकतो ते पाहायचं. ११२५ला त्या सेकंदांनी भागलं की वॅट मिळतात. एका लुकलुकीवर भरवसा ठेवण्यापेक्षा दहांचा वेळ घेतला तर चूक कमी होते. ज्यांच्या मीटरवर १६०० लिहिलं असेल त्यांनी ११२५च्या जागी २२५० घ्यायचे.

अट एकच: बाकी सगळं बंद हवं. फ्रीज, टीव्हीचा बॉक्स, राउटर, देवघरातला लाल दिवा. इन्व्हर्टर विसरायचा नाही, बॅटरी भरलेली असली तरी तो थोडी वीज ओढत राहतो. त्याचा प्लग काढला आणि पंखा थेट लाईनवर घेतला. लेक मोबाईलवर वेळ लावून मीटरपाशी उभी, मी आत खटके दाबत.

माजघरातल्या पंख्याला दहा लुकलुकींना १३७ सेकंद, म्हणजे ८२ वॅट. आमच्या खोलीतला १५२ सेकंद, ७४ वॅट. लेकीचा ७२, ओटीवरचा ७६. स्वयंपाकघरातला ९०० मिलिमीटरचा छोटा पंखासुद्धा ६४ वॅट घेतो. आकाराने लहान म्हणून वीज कमी, हा समज इथेच मोडला.

खरी गंमत रेग्युलेटरच्या तीन नंबरवर आहे, कारण रात्री पंखा तिथेच असतो. आमच्या खोलीत नवा, इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आहे. तीनवर केल्यावर पंखा ४३ वॅटवर उतरला. माजघरात भिंतीवर जुना ठोकळ्यासारखा रेग्युलेटर आहे. तिथे तीनवर वेग बराच पडला, पण वीज ६४ वॅटच राहिली. ठोकळ्याला हात लावून पाहिला तर तो चांगलाच गरम होता. त्याच्या आत तारेचं वेटोळं असतं. पंख्याकडे जाणारी वीज ते अडवतं आणि अडवलेली वीज उष्णता होऊन माजघरातच सुटते. उकाड्यात पंखा लावायचा आणि शेजारी एक छोटी शेगडी पेटती ठेवायची, असंच इतकी वर्षं चाललं होतं.

१७ मार्च, रविवार

रत्नागिरीत जाऊन दुकानं पाहिली. जाण्याआधी वाचून घेतलं होतं, त्याचा उपयोग झाला.

साध्या पंख्यात इंडक्शन मोटर असते. मधला भाग स्थिर, त्यावर तांब्याचं वाइंडिंग, आणि बाहेरचं कवच फिरतं. कवचात चुंबक नसतो. वाइंडिंगच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे कवचातल्या धातूत प्रवाह निर्माण व्हावा लागतो, तेव्हा ते फिरतं. तो प्रवाह फुकट मिळत नाही, त्यातली बरीच वीज धातू तापवण्यात जाते. पंख्याची मोटर लहान, तिला सावकाश फिरायचं असतं, शिवाय घरात एकच फेज. या तिन्ही गोष्टी तिच्या कार्यक्षमतेच्या विरुद्ध जातात.

बीएलडीसी, म्हणजे ब्रशलेस डीसी मोटरच्या पंख्यात कवचाच्या आतल्या बाजूला कायमचे चुंबक बसवलेले असतात. एक छोटा बोर्ड घरातल्या एसी विजेची डीसी करतो आणि वाइंडिंगच्या एकेका गटाला पाळीपाळीने वीज देतो. चुंबक आयताच असल्याने तो निर्माण करायला वीज लागत नाही. वेग कमी करायचा तर बोर्ड ती पाळीच सावकाश फिरवतो, काही अडवून जाळत नाही. पंख्याच्या पात्यांना लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग तीनचतुर्थांश केला की शक्ती निम्म्याहून कमी लागते. हा फायदा बीएलडीसीत जवळपास पूर्ण पदरात पडतो. जुन्या पंख्यात तो वाटेतच गळतो, माझे ६४ वॅट त्याचाच पुरावा.

आपल्याकडे हे पंखे घराघरांत नेण्यात मुंबई आयआयटीत शिकलेल्या दोघांनी २०१२ साली सुरू केलेल्या अ‍ॅटमबर्गचा मोठा वाटा आहे. आता जुन्या, नावाजलेल्या बहुतेक कंपन्याही बीएलडीसी पंखे करतात, त्यामुळे निवड करायला वाव आहे.

आता वीजबचतीच्या लेबलवरच्या ताऱ्यांविषयी. १ जानेवारी २०२३पासून छताच्या पंख्यांवर बीईईचं, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं तारांकन सक्तीचं झालं. त्यात मोजतात ती सर्व्हिस व्हॅल्यू, म्हणजे पंखा मिनिटाला किती घनमीटर हवा देतो त्याला वॅटने भागायचं. १२०० मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या पंख्याला पाच तारे हवे असतील तर हा आकडा किमान ६ लागतो. चारापासून एक तारा सुरू होतो. आधीच्या, ऐच्छिक पद्धतीत चारालाच पाच तारे मिळत. म्हणजे २०२२चा पंचतारांकित पंखा आजच्या हिशेबाने एकताऱ्याचाही असू शकतो. एका दुकानात अजून जुना माल होता. तिथे तारे मोजून भागलं नसतं, लेबलवरचं वर्ष वाचावं लागलं.

लेबलवरचे दोन आकडे मी वेगवेगळे उतरवून घेतले, वॅट आणि हवा. तीन पंखे मनात भरले, त्यांना इथे क, ख, ग म्हणते. क: २८ वॅट, २२५ घनमीटर. ख: ३५ वॅट, २३५ घनमीटर. ग: ३२ वॅट, २१२ घनमीटर, दिसायला सर्वांत देखणा, पात्यांवर लाकडासारखी छटा. तिन्ही पाच ताऱ्यांचे. दुकानदार ‘ग’च्या प्रेमात होता. माझ्या मते आमच्या हवामानात पंख्याने आधी वारा द्यायला हवा, वीज नंतर वाचवायला हवी. कमी वाऱ्याचा पंखा माणूस एक नंबर वाढवून लावतो आणि वाचलेली वीज तिथेच परत जाते. ग बाद.

२३ मार्च, शनिवार

शिमग्याच्या गडबडीत आमचे नेहमीचे वायरमन दादा येऊन गेले. ओटीवरचा पंखा मंद झाला होता, तो त्यांनी पाहिला. त्याचा कंडेन्सर, म्हणजे मोटरला फिरायला जोर देणारा छोटा सुटा भाग, अडीच मायक्रोफॅरडचा, मोजल्यावर दीडच्या जवळ आला होता. नवा घातल्यावर पंखा पूर्वीसारखा फिरायला लागला. खर्च जेमतेम शंभराच्या आत. पंखा मंद झाला म्हणून बदलायला निघालेल्या प्रत्येकाने आधी हे करून पाहावं. ओटीवरचा पंखा दिवसाला पाच तास फिरतो, तो आता या यादीतून बाहेर.

बीएलडीसीबद्दल दादांचं मत चांगलं नाही. म्हणाले, "बाई, ह्यो जुना पंखा मी कंडेन्सर नि बेअरिंग बदलून आणखी पंधरा वर्षं चालवून देईन. त्या नव्यातला बोर्ड गेला की मला हात लावता येत नाही, कंपनीचा माणूस येईस्तोवर बसा घामाघूम."

हे म्हणणं मी हलक्यात घेत नाही. इथे मे महिन्यात आणि परतीच्या पावसात विजा खूप पडतात, वर खारी हवा, आणि बोर्डाला दोन्ही सोसत नाहीत. म्हणून दुकानदाराला विचारायचे प्रश्न दादांसमोर बसूनच लिहिले. वॉरंटी किती वर्षांची आणि बोर्ड तिच्यात येतो का? वॉरंटी संपल्यावर बोर्ड सुटा मिळतो का, आणि केवढ्याला? सर्व्हिस सेंटर रत्नागिरीत की कोल्हापुरात? बोर्डावर ओल रोखणारा लेप आहे का? पंखा किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतो? पाती लोखंडी की ॲल्युमिनियमची?

शेवटचा प्रश्न दादांनी सुचवला. किनाऱ्याच्या हवेत लोखंडी पात्याला रंगाखालून गंज धरतो, पातं जड-हलकं होतं आणि पंखा डुलायला लागतो. ॲल्युमिनियमच घ्यायचं.

६ एप्रिल, शनिवार

नवे दर १ एप्रिल २०२४पासून लागू झाले, त्यामुळे हिशेब आजच्या दरांनी केला. महावितरणच्या घरगुती ग्राहकाला पहिल्या १०० युनिटांना ४ रुपये ७१ पैसे आणि १०१ ते ३०० युनिटांना १० रुपये २९ पैसे वीज आकार. त्यावर युनिटमागे १ रुपया १७ पैसे वहन आकार, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे पहिल्या शंभरातलं युनिट मला ६ रुपये ८२ पैशांना पडतं आणि त्यापुढचं १३ रुपये २९ पैशांना. इंधन समायोजन आकार कधी असतो कधी नसतो, तो धरला नाही.

बचतीचा हिशेब लोक सरासरी दराने करतात. बिलाला युनिटांनी भागतात आणि दहा रुपये धरतात. पण पंखा बदलून वाचणारं युनिट वरच्या टप्प्यातून वाचतं. आमच्याकडे उन्हाळ्यात महिन्याला दोनशेच्या पुढे युनिटं होतात, तेव्हा वाचलेल्या प्रत्येक युनिटाची किंमत १३ रुपये २९ पैसे आहे. याची दुसरी बाजूही तितकीच खरी: ज्या घराचं बिल शंभर युनिटांच्या आत आहे, तिथे हीच बचत निम्म्या किमतीची होते. अशा घराने आधी कंडेन्सर तपासावा आणि ठोकळा रेग्युलेटर काढून इलेक्ट्रॉनिक लावावा. कमी पैशांत बराच फरक पडेल.

माजघर: तीन नंबरवर ६४ वॅट, सोळा तास, म्हणजे रोज एक युनिट, महिन्याला ३१. बीएलडीसी तीनवर १४ वॅट धरला तर महिन्याला सात. २४ युनिटं वाचली, साधारण ३२० रुपये. पंखा ३,४०० रुपयांचा आहे. अकरा महिन्यांच्या वापरात पैसे वसूल.

स्वयंपाकघराचं गणित वेगळं निघालं आणि ते महत्त्वाचं आहे. तिथला पंखा कधीतरी बदलावा लागेल, तेव्हा तुलना ६४ वॅटच्या जुन्या पंख्याशी करायची नाही. आज दुकानात साधा म्हणून जो पंखा मिळतो तोही तारांकनातून आलेला असतो. १२०० मिलिमीटरच्या एकताऱ्याच्या पंख्याने २१० घनमीटर हवा द्यायची तर त्याला ५२ वॅटच्या आसपास राहावं लागतं. म्हणजे विकत घेताना तुलना ५० विरुद्ध ३० अशी आहे, दुकानातल्या फलकावरच्या ७५ विरुद्ध २८ अशी नाही. छोट्या पंख्यातही फरक साधारण एवढाच धरला, तर अडीच तासांच्या वापरात महिन्याला दीड-पावणेदोन युनिटं, वीस-बावीस रुपये वाचतात. त्यासाठी दीड हजार जास्त मोजले तर ते परत यायला साडेपाच वर्षांहून अधिक लागतील. स्वयंपाकघरात साधा पंखाच बरा. त्याला तेलाचा आणि फोडणीच्या धुराचा मारा सोसायचा असतो, तिथे बोर्ड नसलेला उत्तम.

निर्णय: माजघर, लेकीची खोली आणि आमची खोली, एवढे तीन बदलायचे. सुरुवात माजघरापासून, आणि तिथे ख, कारण वारा सर्वांत जास्त त्याचा. ‘क’पेक्षा तो सात वॅट जास्त खातो, पण पूर्ण वेगावर सोळा तास चालवला तरी फरक दिवसाला दीड रुपयाचा आहे. सासूबाईंच्या झोपेसाठी तो मी आनंदाने देईन.

सासूबाईंची मात्र एक अट होती. "अगं, रिमोट उशाखाली जाईल नि मी अंधारात शोधत बसेन. मला भिंतीवर बटण हवं." हे ऐकून परत दुकानात फोन केला. ख त्याच कंपनीच्या, बीएलडीसीसाठीच बनवलेल्या भिंतीवरच्या रेग्युलेटरसकट मिळतो. दोनशे रुपये जास्त, ते वरच्या किमतीत धरले आहेत.

१३ एप्रिल, शनिवार

दादा सकाळीच आले. पहिलं काम जुना ठोकळा उतरवण्याचं. बीएलडीसी पंखा जुन्या रेग्युलेटरमधून चालवायचाच नाही. त्याच्या बोर्डाला पूर्ण व्होल्टेज लागतं, तोडून-मोडून दिलेली वीज त्याला मारते. रिमोटचा पंखा असला आणि भिंतीवर जुना रेग्युलेटर राहू द्यायचा असला, तर तो तारा जोडून बायपास करावा लागतो. "पाचवर ठेवला की झालं" असं काहीजण सांगतात. ते धरून चालू नये, कारण पुढे कुणीतरी पाहुणा ती घुंडी फिरवणारच.

माजघरावर लाकडी माळा आहे, त्यामुळे उंची नऊ फुटांच्या आसपासच. पात्यांची पातळी जमिनीपासून किमान २.४ मीटर, म्हणजे आठ फुटांच्या जवळ हवी, आणि पाती व छत यांत किमान ३० सेंटीमीटर. छताला चिकटवलेल्या पंख्याला वरून हवा ओढायला जागा उरत नाही, मग लेबलवरचे २३५ घनमीटर लेबलवरच राहतात. सोबत आलेला रॉड बसवून दोन्ही अंतरं जेमतेम जमली. ओटीवर उलटी स्थिती आहे. तिथे कौलांचा उतार, म्हणून पंखा भालापासून, म्हणजे छपराच्या मोठ्या तुळईपासून, लांब रॉडवर खाली सोडलेला आहे, आणि वारा चांगला लागण्याचं ते एक कारण आहे.

माळ्याच्या तुळईतला हुक तपासून घेतला. रबराचा बुश कडक होऊन चिरला होता, तो बदलला. स्प्लिट पिन नवी घातली आणि तिची दोन्ही टोकं दादांनी माझ्यासमोर वाकवली. हे मी दरवेळी पाहते. डोक्यावर फिरणाऱ्या वस्तूच्या बाबतीत "घातली असेल" चालत नाही.

पंखा लागला. मीटरवर पाच लुकलुकींना पूर्ण वेगावर १७० सेकंद, ३३ वॅट. तीनवर ४०२ सेकंद, बरोबर १४ वॅट. मग बटण बंद करून पण मुख्य खटका चालू ठेवून पाहिलं, बोर्ड स्वतः किती वीज खातो म्हणून. अर्धा तास उलटला तरी दिवा एकदाच लुकलुकला. अर्ध्या वॅटच्या आसपास, दुर्लक्ष करण्यासारखं.

२० एप्रिल, शनिवार

वॅट मोजले, पण वारा कसा मोजायचा? शाळेच्या प्रयोगशाळेत वाऱ्याचा वेग मोजायचं उपकरण नाही. मग विचार केला की पंखा हवा गार करत नाहीच, तो घाम वाळवतो. वाळवण्याची ताकदच मोजू.

दोन सारखे पंचे एकत्र भिजवले, पिळले आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं. एक माजघरात नव्या पंख्याखाली, खाटेच्या उंचीवर दोरीला टाकला. दुसरा आमच्या खोलीत जुन्या पंख्याखाली, तेवढ्याच उंचीवर. दोन्ही पंखे तीनवर. तिसरा पंचा कोठीच्या खोलीत, जिथे वारा नाही, म्हणजे त्या वेळची हवा किती दमट आहे ते कळावं. तासाने वजन, मग पंच्यांची अदलाबदल करून पुन्हा एक तास, कारण कापडात फरक असला तर तो दिसावा.

बिनवाऱ्याच्या पंच्यातून तासाला ३८ ग्रॅम पाणी गेलं. जुन्या पंख्याखाली ९६ ग्रॅम. नव्याखाली १०४. अदलाबदलीनंतरही क्रम तोच राहिला. खोल्या वेगळ्या आहेत, खिडक्या वेगळ्या आहेत, त्यामुळे आठ ग्रॅमच्या फरकाला मी फार किंमत देत नाही. पण जुन्याला त्यासाठी ४३ वॅट लागले आणि नव्याला १४, हे मात्र पक्कं. तेवढाच घाम एक तृतीयांश विजेत वाळतो.

सासूबाईंनी हा सगळा प्रयोग खाटेवर बसून पाहिला. त्यांचा निष्कर्ष वेगळा आणि माझ्यापेक्षा लवकर निघालेला: "आवाज नाही त्याला. रात्री पहाटेचा कोंबडा ऐकू आला."

१२ मे, रविवार

लेकीच्या आणि आमच्या खोलीत क लावले. ह्या दोन्ही खोल्यांत रिमोट चालतो, म्हणून जुने रेग्युलेटर काढून तिथे कोरी पट्टी बसवली. पूर्ण वेगावर दोन्ही २८ वॅट, लेबलप्रमाणे.

लेकीने एक गोष्ट टिपली जी माझ्या यादीत नव्हती. संध्याकाळी सात ते दहा इथे व्होल्टेज पडतं. सगळीकडे एकदम वापर वाढतो आणि आम्ही लाईनच्या टोकाला आहोत. त्या वेळी ओटीवरचा जुना पंखा रोज सुस्तावतो, लेकीच्या खोलीतला नवा जराही वेग सोडत नाही. बोर्ड वेग धरून ठेवतो, आत व्होल्टेज थोडं कमी-जास्त आलं तरी. पुस्तकात हे वाचलं होतं, पण संध्याकाळच्या उकाड्यात ते अंगाला जाणवणं वेगळं. गावातल्या घरासाठी मी हा फायदा वीजबचतीच्या बरोबरीचा मानते.

विजांसाठी घरात नियम केला आहे. गडगडाट जवळ आला की मुख्य स्विच खाली, पंखे इन्व्हर्टरवर. मेन बोर्डात दादांनी विजेच्या झटक्यापासून वाचवणारं उपकरण बसवलं आणि अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरून पाणी घातलं. अर्थिंग ठीक नसेल तर ते उपकरण असूनही उपयोग नाही, हे त्यांनी निक्षून सांगितलं.

९ जून, रविवार

काल रात्री पहिला मोठा पाऊस. साडेनऊला कुठेतरी झाड पडलं आणि वीज गेली ती सकाळी सहाला आली.

आमची बॅटरी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची. कागदावर १,८०० वॅट-तास, पण बॅटरी आता जुनी आहे, शिवाय इन्व्हर्टरमध्येही नुकसान होतं. हातात अकराशेच्या आसपास येतात असा माझा अंदाज. तिन्ही जुने पंखे पूर्ण वेगावर आणि दोन दिवे धरले तर अडीचशे वॅट, म्हणजे चार-साडेचार तास. गेल्या पावसाळ्यात पहाटे दोनला इन्व्हर्टर ओरडायचा आणि मग सगळे पडवीत येऊन बसायचो. काल तिन्ही पंखे मध्यम वेगावर रात्रभर फिरले, सगळे मिळून ४५ वॅट. सकाळी बॅटरीचा दर्शक निम्म्याच्या वर होता.

दापोलीकडचे आमचे नातेवाईक हे ऐकून लगेच पंख्यांची चौकशी करायला लागले. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानंतर त्यांच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. त्यांनी छतावर छोटं सौर पॅनेल बसवलं आहे. त्यांना मी सांगितलं, पॅनेल किंवा बॅटरी वाढवण्याआधी पंखे बदला. कमी भार करणं हे जास्त बॅटरी घेण्यापेक्षा स्वस्त पडतं, आणि पंखे बॅटरीहून जास्त वर्षं टिकतात.

७ जुलै, रविवार

जूनचं बिल आलं: १४१ युनिटं. गेल्या जूनमध्ये १९८ होती. दोन पावसाळे सारखे नसतात, त्यामुळे सगळे ५७ पंख्यांच्या नावावर टाकत नाही. पण मीटरच्या दिव्यावरून काढलेला अंदाज ४८चा होता.

उतरवलेल्या पंख्यांचं काय करायचं यावर घरात बरीच चर्चा झाली. माजघरातला ८२ वॅटचा पंखा एका ओळखीच्या कुटुंबाला द्यावा असं नवऱ्याचं म्हणणं होतं. चांगला फिरतो, हे खरं. पण तो फुकट दिला तरी दरमहा त्यांच्या बिलात वीस-पंचवीस युनिटं घालत राहील, आणि ते बिल आपल्यापेक्षा त्यांना जड जाईल. तो भंगारात दिला. त्याचं तांबं वितळून पुन्हा वापरात येईल. भंगारातून आलेल्या पैशांत थोडी भर घालून त्या कुटुंबाला नवा साधा पंखा घेऊन दिला. तारे कमी आहेत, पण तो पन्नास वॅटच्या आसपासच चालतो.

लेकीच्या खोलीतला ७२ वॅटचा जपून ठेवला आहे, बोर्ड गेला तर दुरुस्ती होईपर्यंत लावायला. दादांच्या म्हणण्याचा मान म्हणून नाही, गरज म्हणून. त्याला तेल घालून, पाती पुसून माळ्यावर कापडात गुंडाळून ठेवला. सोबत चालू इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरही.

खरेदीच्या पावत्या आणि वॉरंटी कार्डांचे फोटो काढून ठेवले. पावतीची शाई वर्षभरात उडते आणि बोर्ड बहुधा त्यानंतर जातो. प्रत्येक पंख्याच्या वाटीवर आतल्या बाजूने बसवल्याची तारीख लिहिली.

राहिलेली कामं: पडवीतल्या पंख्याची लोखंडी पाती खरवडून रंगवायची, ती पावसाळ्यानंतर. दर महिन्याला तिन्ही नव्या पंख्यांची पाती ओल्या फडक्याने पुसायची, कारण कडेला धूळ साचली की वारा कमी होतो. वॅट मात्र दिसायला तेवढेच राहतात, म्हणून ते मीटरवर कळत नाही.